गार्डकाकांना विचारा : जाताना ६०, येताना ३०, मग सरासरी ४५ का नाही?

प्रश्न : काका, रविवारी स्कूटरवरून डभोईला गेलो. जाताना ताशी ६० ने गेलो, येताना पावसाने गाठलं म्हणून ३० च्या वर काटा जाऊ दिला नाही. सरासरी ४५ पडली ना? सातवीतली लेक म्हणते, ४०.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : लेक बरोबर आहे, हुज्जत घालू नका.

अंतर सोयीसाठी ३० किलोमीटर धरू. जायला अर्धा तास, यायला एक तास. म्हणजे ६० किलोमीटरला दीड तास, भागाकार ४०. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ गाडी चालवली असतीत तर ४५ बरोबर ठरले असते. इथे सारखं होतं ते अंतर. हळू चालवण्यात दुप्पट वेळ गेला, सरासरी तिकडे झुकणारच.

मी रेल्वेत गार्ड होतो. मध्ये गाडी कशी पळाली याचं कौतुक प्रवाशांना. आमच्या वहीत सुटल्याची आणि पोचल्याची वेळ. बडोदा-अहमदाबाद साधारण १०० किलोमीटर. गाडी ११० ने धावली, पण आणंद, नडियादला थांबत दोन तास लागले, तर सरासरी ५०च. ब्रॉडगेजवर थांबे धरून दोन्ही दिशांना किमान ५५ पडले, तर गाडी सुपरफास्ट, आणि तिकिटावर जादा आकार. (तो आकार भरलेली मंडळी गाडी आउटरला अडली की माझ्यावरच खेकसायची, ते सोडा.)

लेकीला एक मात्र सांगा. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हेत. त्या वेळात ८० किलोमीटर गेलात, तर वेग ६०, १.२० ने भागलंत तर ६६ च्या वर जातं. मिनिटांना आधी ६० ने भागायचं.

पुढच्या वेळी गाडीने जाल तेव्हा खिडकीतून विजेच्या तारांचे खांब बघा. पाटीवरचा वरचा आकडा किलोमीटरचा. तो बदलला की घड्याळ लावा, पुन्हा बदलला की सेकंद बघा आणि ३६०० ला त्यांनी भागा. ३६ सेकंद लागले तर १००, ३० लागले तर १२०.

डभोईचा विषय निघालाच आहे, तर लेकीला एक गणित. १८६२ साली गायकवाडांची डभोई-मियागाम रेल्वे सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत. अंतर ३२ किलोमीटर. बैल ताशी ४ ने चालले आणि मध्ये तासभर चारापाण्याला थांबले असं धरलं, तर सरासरी किती? उत्तर पाठवा, पण थांबा धरून.