सॅमो हंग: समोरच्याला उभा करणारा फाइट मास्टर

प्रश्न असा आहे की जॅकी चॅनच्या जुन्या चित्रपटांत एक जाडजूड माणूस सारखा दिसतो, त्याचं जाणकार एवढं कौतुक का करतात, आणि त्याचं काम पाहायचं तर सुरुवात कुठून करावी. जरा सविस्तर लिहितो. सॅमो हंग हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्याची ओळख 'जॅकीचा जाडा मित्र' एवढ्यावरच थांबते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी माझं मत. सॅमोला फक्त नट म्हणून पाहिलंत तर अर्धाच सॅमो दिसेल. उरलेला अर्धा दुसऱ्यांच्या अंगात दिसतो. जॅकीची अनेकांच्या मते सर्वांत भारी फाइट कोणती? 'व्हील्स ऑन मील्स'मधली, बार्सिलोनाच्या त्या वाड्यात किकबॉक्सिंगचा खराखुरा विजेता बेनी उर्किडेझ याच्याशी झालेली. बेनीची लाथ हुकते आणि तिच्या वाऱ्यानं मेणबत्त्या विझतात, ती. १९८४चा हा चित्रपट सॅमोनं दिग्दर्शित केलाय. युएन बियाओ आणि लॅम चिंग-यिंग या नटांचं सर्वोत्तम काम सॅमोच्या हाताखालचं. नट डॉनी येनला घराघरांत पोचवणाऱ्या 'इप मॅन'ची (२००८) मारामारीही सॅमोनंच बसवलेली.

हे आलं कुठून? सॅमोचा जन्म १९५२चा, हाँगकाँगचा. आजी चिन त्सी-आंग चिनी मारधाडपटांच्या सुरुवातीच्या काळातली नायिका, आजोबा दिग्दर्शक, म्हणजे सिनेमा घरातच होता. पण त्याला घडवलं ते यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरतींच्या पारंपरिक चिनी नाट्याच्या शाळेनं. नऊ-दहा वर्षांचा असताना तो तिथे गेला आणि सातेक वर्षं राहिला. आईवडील करारावर सही करून मूल गुरूंच्या हवाली करत. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच, आणि मूल रंगमंचावर जे कमावेल ते शाळेचं. पहाटेपासून कोलांट्या, हातांवर उभं राहणं, तलवार, भाला, गाणं. चुकलं की छडी. जॅकी चॅन, युएन बियाओ, युएन वाह, कोरी युएन ही सगळी त्याच शाळेची मुलं. सॅमो जॅकीपेक्षा वयानं मोठा, त्यामुळे धाकट्यांवर दादागिरीही करायचा. जॅकीनं हे स्वतःच सांगितलंय.

ऑपेरातल्या लढाईत दोघे एकमेकांना हरवत नसतात, दोघे मिळून एक ताल पूर्ण करत असतात. ढोल-झांजांवर चार वार, क्षणभर थांबून पवित्रा, पुन्हा चार वार. मार खाणाऱ्यानं तो नेमक्या मात्रेवर खाल्ला नाही, तर मारणारा कितीही तयारीचा असो, सगळं फुसकं दिसतं. सॅमोच्या कुठल्याही फाइटमध्ये हा ठेका शोधा, सापडेलच.

पुढे ऑपेराचा प्रेक्षक आटला आणि शाळेतली मुलं स्टंटमन म्हणून स्टुडिओंच्या दारात उभी राहिली. १९७०मध्ये गोल्डन हार्वेस्ट कंपनी निघाली तेव्हा विशी गाठायच्या आतच सॅमो तिथे मारामारी बसवायला लागला. किंग हू यांच्यासारख्या दिग्दर्शकाकडे काम केलं, 'हॅपकिडो' या चित्रपटाच्या वेळी कोरियन गुरू जी हान-जे यांच्याकडून त्याच नावाची लढाईची विद्याही शिकून घेतली. 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) सुरू होतो तेव्हा ब्रूस लीसमोर उभा असलेला जाडा तरुण तोच. ती लढत आज पुन्हा पाहा. बोटं मोकळी ठेवणारे हातमोजे, अंगावर फक्त चड्ड्या, आणि शेवटी हात पिरगाळून शरण आणणं. आताच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सची आठवण व्हावी असं सगळं.

वजनाबद्दल बोलायलाच हवं. शाळेतल्या शेवटच्या काळात दुखापत होऊन तो अंथरुणाला खिळला आणि अंग सुटलं. पण त्यानं ते लपवलं नाही, आणि फक्त हशा मिळवायलाही वापरलं नाही. एवढा देह हवेत गिरकी घेऊन दोन्ही पायांवर अलगद उतरतो तेव्हा प्रेक्षकाला वेगाबरोबर वजनही जाणवतं. सडपातळ नटाची लाथ नुसती दिसते, सॅमोची लागते. 'एंटर द फॅट ड्रॅगन'मध्ये (१९७८) तो ब्रूस लीची भक्ती करणारा, डुकरं पाळणारा खेडूत झालाय. ब्रूस गेल्यावर त्याच्या नकलांचं पेव फुटलं होतं. त्या काळात एका माणसानं इतक्या प्रेमानं आणि इतक्या अचूकपणे त्याला वाहिलेली ही आदरांजली आहे.

आता 'द प्रॉडिगल सन' (१९८१). एकच चित्रपट पाहणार असाल तर हा. लुंग जान हा श्रीमंताचा मुलगा स्वतःला अजिंक्य समजतो, कारण त्याचा बाप प्रतिस्पर्ध्यांना गुपचूप पैसे चारून हरायला लावतो. मग गावात ऑपेराची मंडळी येते आणि तिच्यात स्त्रीभूमिका करणारा, दम्यानं बेजार असलेला एक नट त्याला यथेच्छ धुतो. तो नट म्हणजे लॅम चिंग-यिंग. भुवया काढलेला तो चेहरा, ती ताठ मान आणि हाताच्या दोन-तीन इंचांच्या हालचालीत संपणारे वार! विंग चुन ही मुळात जवळून लढायची विद्या, पडद्यावर ती सहज आखूड आणि कोरडी दिसते. सॅमोनं कॅमेरा असा ठेवलाय की पाय, कंबर आणि हात तिन्ही एकाच चौकटीत राहतात, आणि डाव पूर्ण होईपर्यंत तो कट करत नाही. कॅमेरा किंचित सावकाश चालवून हालचाल जलद भासवण्याची युक्ती तेव्हा सर्रास होती, पण त्यामागची मेहनत खरी आहे. शिवाय त्याला स्वतःला ऑपेराचा पडद्यामागचा भाग माहीत होता. रंगपेट्या, वेशभूषा, फिरतीवरच्या कलावंतांचं आयुष्य, हे सगळं त्यात ओळखीच्या माणसाच्या नजरेनं येतं. तो स्वतः उत्तरार्धात येतो, आणि चित्रपट दुसऱ्या दोघांचाच राहू देतो.

हीच गोष्ट 'पेडिकॅब ड्रायव्हर'मध्ये (१९८९). दिग्दर्शक तो, नायक तो, आणि जुगाराच्या अड्ड्यावरच्या लढतीत समोर लाऊ कार-लुंग, म्हणजे कुंग फू चित्रपटांतलं सर्वांत वडीलधारं नाव. काठ्यांची ती लढत सॅमो हरतो. स्वतःच्या चित्रपटात वडीलधाऱ्याला जिंकू देणं मला फार मोठं वाटतं.

बाकीच्यावर फार वेळ घालवत नाही. 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड'नं (१९८०) कुंग फू आणि भुतं एकत्र आणून उड्या मारणाऱ्या प्रेतांच्या चित्रपटांची लाट आणली. 'लकी स्टार्स' ही चित्रपटांची मालिका तुफान चालली, पण तिच्यातले बायकांच्या अंगचटीला जाणारे विनोद आज पाहवत नाहीत. फक्त फाइट्स पाहा. 'ईस्टर्न कॉन्डॉर्स'साठी (१९८७) त्यानं बरंच वजन उतरवलं. चित्रपट क्रूर आहे, पण शेवटची वीस मिनिटं श्वास रोखायला लावतात. अमेरिकेत सीबीएसवर 'मार्शल लॉ' (१९९८–२०००) ही मालिका त्याच्या नावावर चालली. इंग्रजी कच्चं असूनही तिथल्या मोठ्या वाहिनीवर चिनी नट नायक म्हणून उभा राहिला, याचं मोल तेव्हा फार होतं.

'पेंटेड फेसेस' (१९८८) मात्र वगळू नका. त्यात सॅमोनं आपल्याच गुरूंची, मास्टर यूंची भूमिका केलीय. ज्यांच्या छडीचा मार खाल्ला त्यांना तो खलनायक करत नाही आणि देवही करत नाही. आपण शिकवलेल्या विद्येला जगात गिऱ्हाईक उरलं नाही हे हळूहळू उमगणारा एक कडक म्हातारा त्यात दिसतो. मारामारी जवळजवळ नाहीच. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला यासाठी मिळाला, आणि तो दुसऱ्यांदा होता. त्याला अभिनय येत नाही म्हणणाऱ्यांना मी हाच चित्रपट दाखवतो.

उतारवयातलं पाहायचं तर 'इप मॅन २' (२०१०). त्या सुमारास त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती, तरी गोल टेबलावरची डॉनी येनसोबतची ती लढत आहेच. २०२४च्या 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन'मध्येही तो आहे, सत्तरी ओलांडून.

क्रम विचाराल तर आधी 'व्हील्स ऑन मील्स', मग 'द प्रॉडिगल सन', मग 'पेडिकॅब ड्रायव्हर', आणि 'पेंटेड फेसेस' या तिघांनंतरच, कारण तोवर त्या ऑपेरा शाळेतल्या मुलांनी पुढे काय केलं हे तुम्ही पाहिलेलं असेल. इंग्रजी डबिंग घेऊ नका. त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट आवाजाशिवायच चित्रित करून नंतर डब करत, त्यामुळे कँटोनीजही, म्हणजे हाँगकाँगची भाषाही, डबच असते, पण विनोदाचं टायमिंग त्याच भाषेत बसवलेलं आहे. आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला चित्रपट, 'द आयर्न-फिस्टेड मंक' (१९७७), घरच्यांसोबत लावू नका. त्यात लैंगिक अत्याचाराचं लांबलेलं दृश्य आहे, आणि माझ्या मते ते तसं असायला नको होतं.