'नक्कल मिळावी' की 'प्रत देण्यात यावी'?

विचारणा अशी आहे: 'आजोबांच्या वेळच्या एका फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, कागद तहसील कचेरीतून काढायचा आहे. अर्जात "प्रत" लिहावं की "नक्कल"? नक्कल म्हटलं की बनावट काहीतरी मागतोय असं वाटतं. आणि शेवटी "देण्यात यावी ही नम्र विनंती" असं नाही लिहिलं तर उद्धटपणा दिसेल का?'

नक्कल लिहा, बिनदिक्कत लिहा. महसूल खात्यात आणि कोर्टात तोच शब्द मुरलेला आहे. नक्कल विभाग, नकलेचा अर्ज, नकलेची फी हे रोजचे शब्द आहेत. जुन्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा सापडतो. म्हणजे अस्सल कागद जसा आहे तसाच उतरवून घेतला आहे, याची ती ग्वाही. नकली नोट, नकली दागिने यांतला खोटेपणा या नकलेत नाही. 'प्रत' लिहिलंत तरी चूक नाही आणि अर्जही अडणार नाही. अनेकवचन मात्र सांभाळा: दोन नक्कल नव्हे, दोन नकला.

खरी अडचण नक्कल की प्रत ही नाहीच. अर्ज परत फिरतात ते त्या शब्दाच्या आधीच्या विशेषणावरून. तहसीलदारांकडे 'साक्षांकित प्रत मिळावी' असं लिहिलेले अर्ज सर्रास दिसतात आणि तिथे हा शब्द चुकलेला असतो. मूळ कागद तुमच्याजवळ आहे, तुम्ही त्याची झेरॉक्स काढलीत आणि अधिकाऱ्याने मूळ कागद डोळ्यांखालून घालून झेरॉक्सवर सही-शिक्का केला, तर ती साक्षांकित प्रत. 'सत्यप्रत' हा शिक्का तिच्यावरच बसतो. सही तुम्हीच केलीत तर स्वयंसाक्षांकित. पण मूळ कागद कचेरीच्याच दप्तरात असतो आणि कचेरी त्यावरून तयार करून देते, तेव्हा ती प्रमाणित प्रत किंवा प्रमाणित नक्कल. १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ७६ याच नकलेसाठी होतं. खाली 'खरी नक्कल' असा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि जिथे शिक्का वापरायचा अधिकार आहे तिथे शिक्का, एवढं त्यात सांगितलेलं होतं. जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी नकलेची ही रीत कायम आहे. तुम्हाला हवी आहे ती ही.

दुय्यम प्रत आणखी वेगळी. दहावीची गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला हरवला, तर संस्था पुन्हा जो कागद देते तो दुय्यम. आधी एक मूळ प्रत तुम्हाला दिली गेली होती, हे त्या शब्दात गृहीत आहे. फेरफाराला तो चालणार नाही.

'उतारा' या शब्दाकडेही जरा पाहा. उतारा म्हणजेच नोंदवहीतून उतरवून घेतलेला मजकूर. म्हणून 'सातबाराचा उतारा मिळावा' एवढं पुरतं, 'सातबारा उताऱ्याची प्रत' हे लांबण झालं. गोव्यातही लोक एक-चौदाचा (तिथल्या सातबाराचा) उताराच मागतात. फेरफाराची नोंद मात्र गाव नमुना ६मध्ये, म्हणजे गावाच्या फेरफार नोंदवहीत असते. तिची मागणी करताना फेरफार क्रमांक, गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल हे लिहाच. क्रमांक ठाऊक नसेल तर जुना हस्तलिखित सातबारा उघडा. त्यावर जागोजागी वर्तुळात जे आकडे लिहिलेले असतात, ते फेरफारांचेच क्रमांक. कारकुनाला अभिलेख कक्षात नेमकं कुठलं दप्तर उघडायचं, हे त्या आकड्यावरून कळतं. माझ्या मते अर्जातला खरा आदर तो आहे. समोरच्याचा वेळ वाचवणारं वाक्य हे कुठल्याही 'नम्र'पेक्षा जास्त नम्र असतं.

आता क्रियापद. 'द्या' हा आज्ञार्थ, तो अर्जात नको. 'द्यावी' किंवा 'मिळावी' म्हटलं की मराठीत अदब आपोआप येते, त्यावर आणखी थर चढवावे लागत नाहीत. 'कृपया नक्कल देण्याची कृपा करावी ही नम्र विनंती' या वाक्यात एकच गोष्ट तीनदा विनवली आहे. एकदा पुरे. 'देण्यात यावी' ही तर वरून खाली जाणाऱ्या आदेशाची भाषा आहे. शासन निर्णयात 'कार्यवाही करण्यात यावी' शोभतं, कारण तिथे कोण करणार हे महत्त्वाचं नसतं. अर्जदाराने ती उसनी घेऊ नये. लिंग-वचनाकडे मात्र डोळसपणे बघा. उतारा मिळावा, नक्कल मिळावी, प्रमाणपत्र मिळावे, नकला मिळाव्यात, कागदपत्रे मिळावीत. 'प्रती मिळावे ही विनंती' हे छापील अर्जांतही दिसतं आणि मला ते फार खटकतं.

विषयाच्या ओळीतलं 'मिळणेबाबत' इतकं रुळलं आहे की त्यावरून तुमचा अर्ज कोणी परत करणार नाही. तरी शब्दयोगी अव्ययाआधी सामान्यरूप हवं, म्हणून 'मिळण्याबाबत' बरोबर. घरी आपण 'जेवणेसाठी चला' म्हणत नाही. 'मे. तहसीलदार साहेब' यातलं 'मे.' हे मेहेरबानचं आखूड रूप. ठेवलंत तर बिघडत नाही, पण 'मा. तहसीलदार' आणि खाली 'महोदय' एवढं भरपूर झालं.

एकूण अर्ज असा होईल: 'विषय: मौजे अमुक, ता. तमुक येथील फेरफार क्र. इतक्याची प्रमाणित नक्कल मिळण्याबाबत. महोदय, वरील फेरफाराची नोंद माझ्या आजोबांच्या नावे आहे. वारस नोंदीच्या कामासाठी मला तिच्या दोन प्रमाणित नकला हव्या आहेत. नियमाप्रमाणे फी भरण्यास तयार आहे. नकला मिळाव्यात, ही विनंती. आपला विश्वासू.'

हाच कागद माहितीच्या अधिकारात मागणार असाल तर भाषा थोडी बदला. २००५च्या कायद्याच्या कलम ६(२)प्रमाणे माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला सांगावं लागत नाही. त्यामुळे वारस नोंदीचं वाक्य गाळा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२पासून अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असं आहे, तेव्हा शब्द विनवण्यांवर खर्च करू नका. 'माझ्या आजोबांचं नाव का कमी केलं?' असं विचारू नका. 'ज्या आदेशावरून नाव कमी झाले त्या आदेशाची प्रमाणित प्रत' मागा. 'का'ला टोलवता येतं. कागदाचं नाव घेतलं की तो द्यावा लागतो, नाहीतर का देत नाही ते लेखी कळवावं लागतं. इथे 'मिळावी'ऐवजी 'हवी आहे' लिहिलंत तरी त्यात उद्धटपणा नाही, कारण अर्ज हक्काचा आहे.