दोन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रथमच मऊ प्रवाळ ठेवायचे आहेत. दिवा कोणता घ्यावा?

निळ्या आणि पांढऱ्या प्रकाशाची तीव्रता स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येईल असा, सागरी टाकीसाठीच बनवलेला एलईडी दिवा घ्या. निवड वॅट किंवा ल्युमेन पाहून करू नका. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणातून त्याचे बरेचसे अन्न पुरवतात आणि त्यासाठी प्रामुख्याने ४०० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश वापरतात, म्हणून पाहायचे ते ‘पार’ (PAR), म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप, जे झोअँथिड व मशरूम या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० इतके पुरते. सुरुवात सुमारे ३० टक्के तीव्रतेने करावी, दिवा टायमरवर रोज आठ ते दहा तास ठेवावा आणि तीव्रता काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी. झोअँथिडचे देठ उंच ताणले गेले, तर बहुधा प्रकाश कमी पडतो आहे; मशरूम आक्रसून फिकट पडू लागले, तर तो जास्त होतो आहे, आणि हा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. मात्र हे प्रमाण मऊ प्रवाळांपुरतेच आहे. कठीण प्रवाळांपैकी अनेकांना याहून बराच प्रखर प्रकाश लागतो, परंतु भारतात त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ खाली संरक्षण असल्याने त्यांच्यासाठी महागडा दिवा घेऊ नये.