आईच्या मनगटावरचे वळ : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात वृद्धाश्रम निवडताना काय बघायचं ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि त्यातली बरीचशी निवडण्याबद्दल नव्हतीच, आई-वडिलांना तिथे ठेवल्यावर पुढे काय दिसलं त्याबद्दल होती. त्यातली तीन आज घेतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, माझी आई 79 वर्षांची आहे, दीड वर्षापासून एका खासगी वृद्धाश्रमात आहे, महिन्याला 26 हजार भरतो, अर्धे दादा अर्धे मी. दिवाळीनंतर गेले तर तिच्या दोन्ही मनगटांवर निळे वळ. मॅनेजर म्हणाले बाथरूममध्ये पडल्या. इतकी वाळलीय की बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. सिस्टर खोलीत असली की आई फक्त "बरंय गं, छान करतात सगळे" एवढंच म्हणते. आता नवीन नियम काढलाय, एक दिवस आधी फोन करूनच यायचं. दादा म्हणतो तुला उगाच संशय येतो, तिथून काढली तर ठेवणार कुठे. आणि मी काही बोलले आणि त्यांनी राग आईवर काढला तर? (एक मुलगी, ठाणे जिल्हा)

उत्तर : तुमचा संशय उगाच नाहीये. पडताना माणूस हात टेकतो, मग तळवा सोलवटतो, कोपर, गुडघा, कपाळ, खुबा यांना लागतं. दोन्ही मनगटांना सारखेच वळ नुसतं पडल्याने सहसा येत नाहीत, ते बहुधा हात घट्ट धरून ओढल्यावर किंवा पलंगाच्या कठड्याला बांधल्यावर येतात. एक मात्र तपासा, आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, म्हणजे अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, कारण या वयात कातडी कागदासारखी पातळ झालेली असते आणि गोळी चालू असेल तर नुसतं दंडाला धरून उठवलं तरी निळं पडतं. पण ते कुठेही पडतं आणि वेडंवाकडं पडतं. पट्ट्यासारखा वळ, दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, मानेवर, कानामागे, मांड्यांच्या आत काही दिसलं, तर गोळीचं कारण ऐकून घेऊ नका.

मी स्वतः तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते तरी मी चुकलेय म्हणून हे सांगते. माझी आत्या अशाच एका ठिकाणी होती. मी दर पंधरा दिवसांनी जायचे, खोली झाडलेली, चादर पांढरीशुभ्र, आत्याची वेणी घातलेली, सगळं बघून समाधानाने परत यायचे. एकदा मे महिन्यात गेले, पंखा गरम हवा फेकत होता आणि आत्याच्या पायात लोकरीचे मोजे. म्हटलं हे काय, तर तिथली कामाची मावशी म्हणाली आजींना थंडी वाजते. मी मोजा काढायला लागले तर तो टाचेला चिकटलेला. पाण्याने भिजवून भिजवून काढला, खाली टाच काळी पडलेली, मध्ये खड्डा आणि तो वास. ती जखम एका रात्रीत झालेली नव्हती, त्याआधीच्या दोन भेटींतही ती तिथेच होती, मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होते तेव्हासुद्धा. आणि तिचा पाण्याचा ग्लास होता खिडकीत, तिचा हात पोचणार नाही इतक्या लांब.

तर आता जाल तेव्हा खुर्चीत बसू नका. "चल आई, मी तुला आंघोळ घालते" म्हणा, मुलगी आईला आंघोळ घालते यात कोणाला काही बोलता येत नाही आणि दाराला आतून कडी लावता येते. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, खांद्याची हाडं बघा. पुस्तकात लिहिलेलं असतं की बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात लालसर डागाने होते आणि बोटाने दाबलं तरी तो पांढरा होत नाही, पण आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाल दिसतच नाही बऱ्याचदा, म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का. जीभ कोरडी आहे का, लघवी गडद पिवळी आहे का तेही बघा. काही ठिकाणी डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून पाणीच कमी देतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यातूनच पुढे लघवीचं इन्फेक्शन होतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि मग घरच्यांना सांगितलं जातं की आजींचं डोकं आता चालत नाही.

वजन करा. भरती केलं तेव्हाच्या फॉर्मवर वजन लिहिलेलं असेल ते मागा. महिन्याभरात पाच टक्के वजन उतरलं, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो, तर डॉक्टर ते गंभीर मानतात, आणि "वय झालं आता" हे त्याचं उत्तर नाही.

आईला "कशी आहेस" विचारू नका, त्या प्रश्नाला आपल्या आया मरेपर्यंत "बरी आहे" म्हणतात. काल रात्री जेवायला काय होतं, रात्री लघवीला लागली तर कोणाला हाक मारतेस, ती येते का, किती वेळाने येते, कोणाची ड्युटी असली की बरं वाटतं, कोणाची असली की नको वाटतं, असं बारीकसारीक विचारा, एकट्या असताना. ती तिथल्या लोकांना घाबरत असेल, पण त्याहून जास्त ती तुम्हा दोघांना त्रास नको म्हणून गप्प असेल.

एक दिवस आधी फोन करा हा नियम मला मान्य नाही. दुपारच्या झोपेच्या वेळी येऊ नका म्हणाले तर समजू शकते, पण माझ्या आईला बघायला मला परवानगीची आगाऊ नोंद का लागावी? रविवारी संध्याकाळी जा, तेव्हा स्टाफ सगळ्यात कमी असतो, किंवा जेवणाच्या वेळेला जा. अडवलं तर कोणी अडवलं, किती वाजता, काय शब्द वापरले, बाहेर आल्याआल्या लिहून ठेवा. आणि दादांशी वाद घालत बसू नका, पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन जा आणि आईचे हात त्यांच्या हातात द्या.

राग आईवर काढतील ही भीती अगदी खरी आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आरडाओरडा आधी नको. आधी वळांचे फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो, तारखेसकट. मग "डोळे दाखवायचेत" असं काहीतरी सांगून आईला बाहेर काढा आणि थेट सरकारी हॉस्पिटलला न्या, डॉक्टरांना सांगा की मारहाणीचा किंवा बांधून ठेवल्याचा संशय आहे, एमएलसी करा, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी डॉक्टरी नोंद. वळ किती दिवसांपूर्वीचे हे नुसत्या रंगावरून डॉक्टरही नक्की सांगू शकत नाहीत, म्हणून दिसले त्याच दिवशी दाखवणं महत्त्वाचं. त्यानंतर तिला परत पाठवू नका. जागेचा प्रश्न आहे मान्य, पण पंधरा दिवस तुमच्याकडे, पंधरा दिवस दादांकडे, दिवसा एक बाई ठेवून, एवढ्यात दुसरी जागा बघता येते. आणि जखमेला वास येतोय, आई हाकेला ओ देत नाही, असं काही असेल तर हा क्रमबिम सगळा सोडा, त्याच क्षणी 112 लावा.

तक्रारीचं आता. 14567 ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, सकाळी 8 ते रात्री 8, मराठीत बोलता येतं, तिथे नोंद करा. पोलिसांकडे गेलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम 357 लक्षात ठेवा : आजाराने किंवा अशक्तपणाने असहाय असलेल्या माणसाची देखभाल करायचा करार करून ती मुद्दाम न करणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ वाटते, मलाही वाटते, पण मारहाण, डांबून ठेवणं याची कलमं वेगळी लागतात. तुम्ही पैसे भरून सेवा घेताय म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, आणि 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज द्या, आणि जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे एक प्रत द्याच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100, तिथे बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

बरेच जण अशा वेळी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा घेऊन प्रांत ऑफिसला जातात आणि हात हलवत परत येतात. तो कायदा मुख्यतः मुलांनी किंवा वारसांनी सांभाळलं नाही, जमीन-घर लिहून घेऊन वाऱ्यावर सोडलं, यासाठी आहे. तुमच्या भांडणात तो पहिला दरवाजा नव्हे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, बाबा 83, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, पुण्यात एका सेंटरमध्ये ठेवलंय. रोज तिकडच्या रात्री 8 ला व्हिडिओ कॉल लावून देतात पण बाबा झोपेतच असतात, मान एका बाजूला, तोंडातून लाळ. पूर्वी मला नावाने हाक मारायचे. सेंटरवाले म्हणतात आधी रात्री ओरडायचे, आता शांत झालेत. हे आजाराचंच आहे का?

उत्तर : असूही शकतं, पण अचानक झालं असेल तर मला आधी गोळ्यांची शंका येते. गोळ्यांच्या स्ट्रिपचे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचे फोटो आजच मागवा. चिठ्ठी कोणी लिहिली, कुठल्या तारखेची, डोस किती, शेवटचं तपासलं कधी. क्वेटायपिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गोळ्या डिमेन्शियात कधीकधी खरंच द्याव्या लागतात, त्या देणारा प्रत्येक डॉक्टर वाईट नसतो, पण त्या कमीत कमी डोसमध्ये, थोड्या काळासाठी आणि पुन्हा पुन्हा तपासून द्यायच्या असतात. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने, 2005 साली सगळ्यात कडक इशारा दिलाय, तुम्ही तिकडेच आहात, तुमच्या डॉक्टरला विचारलंत तर तोही सांगेल. चिठ्ठी दाखवत नसतील तर गोळी डॉक्टरने सांगितलेली नाही असं धरून चाला आणि बाबांना बाहेरच्या न्यूरॉलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. फोनवरून "बंद करा सगळं" असं मात्र सांगू नका, झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिटसुद्धा येऊ शकते, डॉक्टर हळूहळू कमी करतील.

आणि ओरडत का होते, हे कोणी बघितलं का? डिमेन्शियाचं माणूस दुखतंय असं सांगू शकत नाही, ते ओरडतं. लघवीचं इन्फेक्शन, चार दिवस पोट साफ नाही, ओला डायपर, दाढ दुखणं, यातलं काहीही असेल.

कॉलची वेळ बदला. तुमच्याकडे रात्री साडेदहा-साडेअकरा असतात तेव्हा इथे सकाळचे 9 असतात, त्या वेळीही बाबा तसेच पडलेले दिसले तर प्रश्न मोठा आहे. पुण्यातल्या कोणालातरी, चुलत भाऊ, जुना शेजारी, बाबांच्या ऑफिसातला मित्र, तुमच्या सहीचं पत्र देऊन आठवड्यातून एकदा न सांगता पाठवा. कॅमेऱ्यात चेहराच दिसतो, पाठ दिसत नाही.

प्रश्न : मी वृद्धाश्रमात मावशी म्हणून कामाला आहे. रात्री आम्ही दोघी आणि 30 आजी-आजोबा. मॅडम म्हणतात जे उठतात त्यांचे हात बांधा, नाहीतर पडले तर पगारातून कापू. मी बांधते आणि घरी जाऊन झोप लागत नाही. नाव छापू नका.

उत्तर : नाव छापलं नाही. तुम्ही लिहिलंत याबद्दल मला तुमचे हात हातात घ्यावेसे वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की अशा संस्थांतल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवर्तन झाल्याची कबुली दिली. ही सगळी माणसं दुष्ट नसतात, 30 जणांना दोघी पुरणारच नाहीत, आणि याचा जाब आधी ज्याने दोघीच ठेवल्या त्याला विचारायला हवा. पण बांधणं चूकच आहे, बांधलेलं म्हातारं माणूस सुटायच्या धडपडीत जास्त जोरात पडतं, गळ्याला फास बसून गेलेली माणसंही आहेत.

आज रात्रीपासून एवढं करा. जे उठतात त्यांना झोपायच्या आधी आणि पुन्हा दोन वाजता लघवीला नेऊन आणा, बहुतेक जण त्याच्यासाठीच उठतात. पलंग खाली होत असेल तर खाली घ्या, नाहीतर गादी जमिनीवर टाका, बाथरूमचा लाइट चालू ठेवा. बांधा असं तोंडी सांगितलं तर म्हणा, मॅडम, रजिस्टरमध्ये लिहून सही करून द्या. सहसा लिहून देत नाहीत. 14567 ला तुम्हीही फोन करू शकता, नातेवाईकच लागतो असं नाही, नाव गुप्त ठेवा असं आधीच सांगा. आणि नाइट रजिस्टरमध्ये रोज तुमच्या हाताने एक ओळ लिहा, तारीख, वेळ, ड्युटीवर दोघी, पेशंट 30, आणि त्या पानाचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा.