जिथे तुझे मत मोजले जाते

पुणे, चैत्र

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला याचे कारण आळस नव्हे. हवामान बदलातला आपला वाटा कमी व्हावा म्हणून तू पाळत असलेल्या नियमांची जी यादी पत्रासोबत पाठवलीस, ती वाचून मी थोडा अस्वस्थ झालो होतो. अंघोळीला एकच बादली, मटण बंद, गोव्याला जायचे ते विमानाऐवजी रेल्वेने, नवे कपडे वर्षातून दोनदाच, आणि इतके सारे करून शेवटची ओळ अशी की तरीही रात्री झोप लागत नाही. पत्रात तू स्वतःवर जवळजवळ खटलाच चालवला आहेस, म्हणून आधी हिशेब नीट मांडू.

एका भारतीय माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्याकडची २ टनांची सरासरीही फसवी आहे, कारण तिच्यात वातानुकूलित बंगल्यातला माणूस आणि तुझ्या गावातला शेळ्या राखणारा म्हातारा एकत्र मोजलेले असतात. भाड्याच्या खोलीत कॉटबेसिसवर राहून बसने कामाला जाणारी तू या खटल्यातली मुख्य आरोपी नाहीस. आपापला कार्बन मोजत बसण्याची ही सवय लोकांना लागली, त्यात या शतकाच्या पहिल्या दशकातल्या ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हेही ध्यानात ठेव. तेल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला त्याच्या पापाचा हिशेब ठेवायला शिकवावे, हे मला तरी गमतीचे वाटते. तुझी यादी टाकून दे असे माझे म्हणणे नाही. तिच्यातल्या बहुतेक गोष्टी चांगल्याच आहेत, पण कोणती गोष्ट किती वजनाची आहे हे तुला ठाऊक असायला हवे.

एक उदाहरण घे. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज खातो आणि नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, पंखा २८ ते ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास पंखा फिरला तर वर्षाला सुमारे २०० युनिट वाचतात. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे आजही अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीचशी वीज कोळशावर होते. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १४० किलो. पंखा स्वतःच्या पैशाने घे आणि खोली बदलशील तेव्हा काढून सोबत ने. तुला एकटीला करता येण्याजोगे हे बऱ्यापैकी वजनदार काम आहे.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. आमच्या गच्चीवर आज २५ किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. पुण्याच्या उन्हात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरली, तर वर्षाला सुमारे ३६,००० युनिट होतात आणि त्यातून लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. कार्बनच्या भाषेत हे साधारण २५ टन, म्हणजे वर सांगितलेल्या पंख्यांसारखे सुमारे १८० पंखे बदलल्याइतके काम आहे, आणि ते झाले एका ठरावाने. मात्र तो ठराव मंजूर व्हायला तीन वर्षे लागली आणि त्यातली दोन माझ्या चुकीमुळे गेली.

पहिल्या वर्षी मी वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रोजेक्टर लावून वितळणारे हिमनग आणि जगाच्या तापमानाचे आलेख दाखवले. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतले. मग तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारले, "यामुळे आमचा मेंटेनन्स कमी होणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. विषय पुढच्या सभेवर गेला. दुसऱ्या वर्षी मी आकडे घेऊन गेलो, पण विषय मुदतीत लेखी दिला नव्हता, त्यामुळे तो कार्यक्रमपत्रिकेवरच आला नाही आणि "आयत्या वेळच्या विषयांत" त्याचा चहाबरोबर निकाल लागला. तिसऱ्या वर्षी मात्र सामायिक मीटरची मागची बारा बिले, तीन ठेकेदारांची दरपत्रके आणि अनुदानाचे नियम यांचा एक पानाचा गोषवारा करून, सभेच्या महिनाभर आधी मी घरोघर फिरलो. तेव्हा मला कळले की वरच्या मजल्यावरच्या दोघांना खरी भीती गळतीची होती आणि एका आजींना कुरडया-पापड वाळवायला जागा राहणार नाही याची चिंता होती. पॅनेलची चौकट उंच करून खाली जागा ठेवायची, आणि पॅनेल बसवण्याआधी ठेकेदाराकडून जलरोधक काम करून घ्यायचे, असे ठरल्यावर विरोध निम्म्याने ओसरला. पापड आजही तिथेच वाळतात.

बिलापासून बोलणे सुरू करणे म्हणजे थोडी लबाडी नाही का, असे तू विचारशील. मलाही काही काळ तसे वाटले. म्हणून गोषवाऱ्याच्या शेवटी मी हवामान बदलाची दोन वाक्ये मुद्दाम ठेवली आणि ती सभेत वाचून दाखवली. आपले कारण लपवू नये, पण समोरच्याचे कारण आधी ऐकावे, एवढाच समतोल मला साधता आला. ठराव झाल्यावर तो इतिवृत्तात शब्दशः उतरला आहे ना हेही पाहावे लागते, कारण वर्षभराने समिती बदलते आणि लोकांची आठवणही.

तू म्हणशील, मी भाडेकरू, मला सोसायटीच्या सभेत मतच नाही. बरोबर आहे. पण शहरात काही जागा अशा आहेत जिथे घर कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्राच्या शहरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्याआधी जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात आणि ती नोटीस झाडावरही चिकटवलेली असते. मुदत सहसा अवघी सात दिवसांची असते, म्हणून नोटीस दिसताच तिचा फोटो काढावा आणि हरकत त्याच आठवड्यात द्यावी. हरकतीत भावना कमी आणि तपशील जास्त असावा, म्हणजे नोटिशीचा क्रमांक, झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि ते झाड न तोडता काम कसे करता येईल हे लिहावे. पोच घेतल्याशिवाय पालिकेची खिडकी सोडू नये. दहापैकी किती हरकती मान्य होतात हे विचारू नकोस, पण लेखी हरकत नसेल तर पुढे दाद मागायला जाणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

झाडांवरून आठवले. दर रविवारी टेकडीवर झाडे लावायला जावे का, असे तू विचारले आहेस. मी आणि माझ्या मित्रांनी हे काम काही वर्षे मोठ्या उत्साहाने केले आणि त्यात एक चूक केली, जी आज टेकडीवर जाताच डोळ्यांत भरते. आम्ही गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची रोपे लावली, कारण ती फुकट मिळत, गुरे तोंड लावत नसत आणि ती झपाट्याने वाढत. पण जिथे लावली ती जागा उजाड नव्हती. तो कुसळी आणि पवन्याचा गवताळ माळ होता, त्यात चंडोल घरटी करत, आणि अशा माळाचा कार्बन मुळांत आणि मातीत साठलेला असतो. आम्ही त्यात खड्डे खणले आणि त्यावर परक्या झाडाची सावली घातली. म्हणून रोप हाती घेण्याआधी तिथे आज काय उगवते, हे एक वर्षभर नुसते पाहा.

आता तुझ्या गावाकडे येतो, कारण मला वाटते तुझे खरे काम तिथे आहे. वडिलांनी गेल्या उन्हाळ्यात तिसरी बोअर घेतली आणि ती ४०० फुटांवर गेली, असे तू जाता जाता लिहिलेस, जणू त्याचा या विषयाशी संबंधच नाही. दहा मीटरवरून पाणी उचलायला जेवढी वीज लागते, तिच्या दहापट शंभर मीटरवरून उचलायला लागते. पाऊस लहरी झाला की शेतकरी खोल जातो, खोल गेला की वीज वाढते आणि वीज वाढली की कोळसा वाढतो. हवामान बदलाची ही साखळी तुझ्या घराच्या परसातून जाते.

तुमच्या पारनेरपासून हिवरेबाजार लांब नाही. तिथे पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पाणलोटाची कामे झाली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, हे तू शाळेत ऐकलेच असशील. लोक सहलीला येऊन बंधारे पाहतात. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत. दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गाव एकत्र बसते, माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढते आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची हे ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हाही निर्णय तिथे गावानेच घेतला. बंधारा पैशाने बांधता येतो. पण शेजाऱ्याने बोअर घेतली नाही म्हणून मीही घेणार नाही, हा विश्वास सभेत बसूनच तयार होतो, आणि त्याला वर्षे लागतात.

तुझे नाव अजून गावच्या मतदारयादीत आहे, म्हणजे तू ग्रामसभेची सभासद आहेस आणि तिथे तुझे मत सरपंचाच्या मताइतकेच आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात, आणि त्याआधी महिला सभा घ्यायची असते. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते. अनेक गावांत ती कागदावरच भरते. १ मे ला सुट्टी आहेच, तेव्हा महिला सभेच्या आदल्या दिवशीच गावी जा. पहिल्या खेपेला बोलू नकोस. मागच्या दोन सभांचे इतिवृत्त वाचायला माग आणि कोण कशावर बोलतो, कोण बोलत नाही, हे लिहून ठेव.

त्याच मुक्कामात एक काम कर. घरची आणि शेजारच्या चार जणांची, अशा पाच विहिरी निवड. सुतळीला दर फुटावर गाठ मारून खाली दगड बांध आणि काठापासून पाण्यापर्यंत किती फूट ते मोज. काठावर जिथून मोजलेस तिथे रंगाची खूण कर, म्हणजे पुढच्या वेळीही तिथूनच मोजता येईल. हीच मोजणी पाऊस संपल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा कर. रब्बीला कांदा किती लावायचा हे २ ऑक्टोबरच्या सुमारास घरोघर ठरत असते, तेव्हा हे दहा आकडे एका कागदावर मांडून आधी वडिलांना दाखव. ते रागावतील असा माझा अंदाज आहे. रागावले तर वाद घालू नकोस, पुढच्या मोजणीला त्यांनाच सुतळी धरायला सांग.

मेमधले पाच आकडे मला पाठव. सुतळी नायलॉनची घेऊ नकोस, ती ताणते.

तुझा,
काका