पक्षाघातात ग्लुटामेट नेमकं काय करतं?

तुमचे प्रश्न दोन: रक्त थांबलं म्हणून पेशी मेली, तर त्यात ग्लुटामेटचा काय संबंध? आणि संबंध असेलच, तर ते अडवणारं औषध का देत नाहीत?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. त्यातली बरीच ऊर्जा सोडियम-पोटॅशियमचे पंप, म्हणजे सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारी प्रथिनं, चालवण्यात खर्च होते. धमनीत गुठळी अडकली की काही मिनिटांतच हे पंप बंद पडतात. इथवर तुमचं बरोबर.

आता ग्लुटामेट. हा मेंदूतला मुख्य उत्तेजक निरोप्या. पेशीच्या आत तो बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतो. निरोप पोचला की शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मदतनीस पेशी त्याला लगेच उचलून घेतात, आणि हे उचलणं सोडियम आत-बाहेर कमीजास्त असण्यावर चालतं. पंप बंद पडले की तो फरकच मिटतो आणि यंत्रणा उलटी फिरते. जिने ग्लुटामेट आत ओढायचं, तीच बाहेर ओतू लागते! मला तर सगळ्यात चटका लावणारा भाग हाच वाटतो.

पुढे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशीवरचं ग्लुटामेटने उघडणारं एक दार. त्याच्या तोंडाशी एरवी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. पेशीचा विद्युतभार ढासळला की बूच निघतं, कॅल्शियम आत घुसतं, प्रथिनं कापणारी कॅल्पेनसारखी विकरं जागी होतात, पेशीची ऊर्जाघरं असलेले मायटोकाँड्रिया कोलमडतात. ग्लुटामेटमुळे मेंदूला होणारी इजा अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये उंदरांत दाखवली. ‘एक्सायटोटॉक्सिसिटी’ (अति उत्तेजनाने पेशी मरणं) हे नावही त्यांचंच.

रक्त जवळपास पूर्ण थांबलेल्या गाभ्यातल्या पेशी रक्ताविना जातातच. पण भोवतालच्या पट्ट्यात, म्हणजे पेनम्ब्रात, थोडा रक्तपुरवठा टिकून असतो. तिथल्या पेशी गप्प राहिल्या तर काही तास तग धरतात. गाभ्याकडून येणारं ग्लुटामेट आणि पोटॅशियम त्यांना गप्प बसू देत नाही, आणि दर वेळी सावरायला लागणारी ऊर्जा त्यांच्याकडे नसते.

औषधाचं म्हणाल तर प्रयत्न पुष्कळ झाले. एनएमडीए रिसेप्टर अडवणारं सेल्फोटेल हे औषध प्राण्यांत छान चाललं, माणसांत फसलं. मग खुद्द मॅग्नेशियमच रुग्णवाहिकेत, लक्षणं सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत देऊन पाहिलं. १७०० रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला, फायदा शून्य. एक कारण असं सांगतात, की ग्लुटामेटचा मोठा लोंढा पहिल्या काही मिनिटांतलाच, सुई टोचेपर्यंत तो येऊन गेलेला असतो. शिवाय हाच एनएमडीए रिसेप्टर पुढे पेशी जगायला आणि नव्या जोडण्या व्हायलाही लागतो. सरसकट बंद केला तर तेही थांबतं.

म्हणून आजही डॉक्टर धावतात ते गुठळीमागे: विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, आणि निवडक रुग्णांत गुठळी ओढून काढणं २४ तासांपर्यंत.