बाबांचा पासपोर्ट

प्रश्न: आमचे बाबा हापूसच्या धंद्यापायी दुबई, लंडन फिरले पण गणपतीला कुठूनही घरी हजर असायचेच, आता वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचीय तर काय लिहू? – एक वाचक, देवगड

उत्तर: अहो, 'प्रेमळ, कष्टाळू' वगैरे राहू द्या, ते सगळ्यांच्याच बाबांबद्दल छापतात. जुना पासपोर्ट काढा, शिक्के तारखेनं लावा आणि आईला विचारा तेव्हा घरी काय चाललं होतं. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी मुंबईचं विमान गाठायचं म्हणजे रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी, हे नातवंडांना कुठं माहितीय! पेटीत पेंढा कसा भरायचे, येताना कोणाला काय आणायचे तेही येऊ द्या. उधारी बुडवणाऱ्यांचे किस्से असतील तर नावं गाळून बिनधास्त छापा.